भावजी, एवढ्यात बरे होऊ नका

भावजी, गेल्या आठवड्यात मोबाईलवर निरोप आला. तुमच्या फेरतपासणीची तारीख मिळाली आहे, गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता, मूळ कागद आणि दोन फोटो घेऊन यावे. चार महिने वाट पाहायला लावली आणि तुम्ही गेल्यावर सोळाव्या दिवशी तारीख दिली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वेळेवर दिली असती तर सरकारी कशी म्हणायची?" मी निरोप दोनदा वाचला आणि सवयीने हाक मारली, "अहो भावजी, तारीख आली."

लोकांना मी सांगते, माझे दीर गेले. लोक म्हणतात, "अरेरे," आणि लगेच विचारतात, "बरीच वर्षं आजारी होते ना?" त्यात एक सुटकेचा सूर असतो. माझी सुटका झाली असं त्यांना वाटतं. माझी कशातून सुटका झाली, हे त्यांना विचारावंसं वाटतं, पण मी विचारत नाही. मान हलवते आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते.

लग्न होऊन मी घरात आले तेव्हा तुम्ही बावीस वर्षांचे होतात, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. त्याच वर्षी परीक्षेला जायचं सोडून तुम्ही तीन दिवस पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून राहिलात. खाली पेठेतून कोणीतरी तुमचं नाव घेऊन बोलतंय आणि ते नीट ऐकायला हवं, असं तुम्ही ह्यांना सांगितलंत. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं, आणि नातेवाइकांनी नव्या सुनेचा पायगुण म्हणून. वर्षभर मी मान खाली घालून वावरले. मग एकदा जेवताना, औषधांनी जड झालेल्या जिभेने तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमच्या पायगुणात एवढा दम असता तर आधी माझ्या भावाचा पगार वाढला असता." ह्यांना ठसका लागला. त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती तेव्हा, आणि हसवलंत तुम्ही.

सहा वर्षांपूर्वी हे गेले आणि कोथरूडच्या या दोन खोल्यांत आपण दोघं उरलो. दिवसभरात वीसेक वाक्यं बोलत असू. चहा ठेवू का. ठेवा. पाणी आलं का. आलं. पेपरात काय. काही नाही. तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीवर, मी आत. मधूनच तुम्ही हळू आवाजात स्वतःशी बोलायचात, आणि मला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तर मी बाहेर डोकावून बघायची. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकजण मला धीर देत होता. तुम्ही आलात, खुर्ची माझ्या शेजारी ओढलीत आणि म्हणालात, "दूध मी आणेन." दहा दिवस आणलंत. अकराव्या दिवशी तुम्हाला पुन्हा खाली उतरवेना, तो भाग वेगळा. पण त्या गर्दीत कामाचं बोललेले तुम्ही एकटेच होतात.

तरी मला भीती धरून बसली. मागच्या पावसाळ्यात मी चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले ना, तेव्हापासून. तुम्ही दारात पाण्याचा पेला घेऊन तासभर उभे होतात. कोणाला हाक मारली नाहीत, शेजारी गेला नाहीत, नुसते उभे. मी आपली आपण उठले. तुमच्याकडे बघितलं आणि मनात आलं, आज मी उठलेच नसते तर हा माणूस असाच उभा राहिला असता. माझ्यामागे यांचं काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून एक तासही गेला नाही. मुग्धाला बेंगळुरूला फोन केला. ती म्हणाली, "आई, काका आमच्याकडे कसे राहतील, तूच सांग ना." पोटची पोर असली तरी तिचं चुकत नव्हतं.

मग वाघोलीच्या पुढचं ते निवासी केंद्र आपण बघून आलो. स्वच्छ होतं, मागे पपईची झाडं होती. तुम्ही खिडकीपाशी उभे राहून विचारलंत, "गज कशाला?" तिथल्या बाई म्हणाल्या, "मांजरं येतात हो." तुम्ही म्हणालात, "बरीच मोठी मांजरं दिसतात." त्यांना हसू आलं, मला रडू. माझ्यानंतर ते तुम्हाला घ्यायला तयार होते, पण त्यांना दोन कागद हवे होते. एक, अपंगत्वाचा सरकारी दाखला. दुसरा, तुमच्या नावाचा आरोग्यविमा, कारण कोणाला रुग्णालयात न्यायची वेळ आली तर ती जबाबदारी त्यांना पेलत नव्हती.

विमा म्हटलं की मला ह्यांच्या वेळचा तो कागद आठवायचा. तुम्हाला दोन महिने दवाखान्यात ठेवलं होतं आणि कंपनीचं पत्र आलं होतं, मानसिक आजार वगळून. ह्यांनी ते पत्र कपाटात ठेवलं आणि पुन्हा विम्याचं नाव काढलं नाही. आता तिसऱ्या मजल्यावरचे काळे, जे विम्याची कामं करतात, ते उत्साहाने वर आले. "वहिनी, नियम बदललाय. आता मानसिक आजार आहे म्हणून कंपनीला दारातून हाकलता येत नाही." मी पेढा द्यायच्या बेतात होते. पण एका कंपनीने आपला अर्ज विचाराधीन ठेवला तो ठेवलाच, दुसरीने आणखी कागद मागितले. शेवटी काळे म्हणाले, अपंगांसाठी वेगळी पॉलिसी काढावी लागते आता कंपन्यांना, तीच बरी, फक्त दाखल्यावर चाळीस टक्के तरी अपंगत्व हवं. म्हणजे दोन्ही दारांची किल्ली एकच निघाली, तो दाखला.

आणि इथे मी माती खाल्ली.

एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी. दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी म्हटल्यावर मला तोंडी परीक्षाच दिसली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी तुमची उजळणी घेतली. आज वार काय, महिना कोणता, पंतप्रधान कोण, घरात कोण कोण. डॉक्टर शंभरातून सात वजा करत जायला सांगतात असं कोणीतरी म्हणालं, तर ते पाठ करून घेतलं. त्या दिवशी ह्यांचा निळा शर्ट तुम्हाला इस्त्री करून दिला, दाढी करायला न्हाव्याला घरी बोलावलं. "नीट बसा, नीट बोला," हे रिक्षात चार वेळा सांगितलं.

तुम्ही नीट बसलात. नीट बोललात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, छान." मग त्यांनी मला विचारलं, "अंघोळ स्वतःहून करतात?" चार माणसं खोलीत होती. मी म्हटलं, "हो, रोज." "लोकांशी बोलतात?" "बोलतात ना, मोजकं." झाकली मूठ सव्वा लाखाची, या शिकवणीत वाढले मी. घरातलं उणं परक्या माणसासमोर सांगायला जीभच वळली नाही. चाळीस वर्षं जगापासून लपवलेलं एका सकाळी कसं सांगू?

बाहेर आल्यावर तुम्ही किती खुशीत होतात. "वहिनी, पास झालो बहुतेक." आवारातल्या टपरीवर तुम्ही आपण होऊन साबुदाणा वडा मागितलात आणि अर्धा मला दिलात. बाहेरच्या माणसाने तुम्हाला "छान" म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दाखला आला. चाळीसच्या खाली. मी तुमच्यावर ओरडले, भावजी. "इथे नापास व्हायचं होतं!"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग तसं शिकवायचं होतंत."

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, फेरतपासणी मागू, या वेळी दाढी नको, इस्त्री नको, विचारलं की गप्प बसायचं. तुम्ही म्हणायचात, "मी सोंग करणार नाही." मी म्हणायची, "सोंग कसलं, खरंच तर आहे." "खरं असेल तर दिसेल." "अहो, दिसत नाही म्हणून तर!" यावर तुम्ही गॅलरीत निघून जायचात. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पुन्हा तेच. आता ओट्यापाशी उभी राहून मी कधीकधी दोन्ही बाजू एकटीच बोलते आणि दरवेळी तुमचीच बाजू जिंकते.

तुम्ही ऐकत नाही म्हटल्यावर मी तुमच्या नावाने अर्ज लिहिला. शाळेतल्या अक्षरात, समास सोडून, आठ कलमं घातली. सांगितल्याशिवाय अंघोळ करत नाहीत. कोणाशी आपण होऊन बोलत नाहीत. गोळ्या हातात दिल्याशिवाय घेत नाहीत. रस्ता ओलांडून दुकानात जात नाहीत. गॅस पेटवता येत नाही. बँकेचं जमत नाही. कपडे बदलत नाहीत. आणि आठवं. खाली सही तुमची हवी होती. मी म्हटलं, "भावजी, गॅसच्या कागदावर सही करा." तुम्ही वाचलं नाहीत. बोट ठेवलं तिथे सही केलीत. माझ्यावर कधी संशय घ्यायचा असतो हे तुमच्या आजारालाही कधी सुचलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, अशा रुग्णांना घरच्यांचाच संशय येतो. तुम्हाला साऱ्या पेठेचा आला, माझा नाही.

झेरॉक्स मी चमच्यांच्या खणात कागदाखाली ठेवली होती. चार दिवसांनी चहात बिस्किट बुडवत तुम्ही म्हणालात, "वहिनी, गॅसचं पत्र वाचलं. अक्षर अजून छान आहे तुमचं."

मी दुधाच्या पातेल्याखालचा गॅस बारीक केला. माफ करा, हे दोन शब्द तेव्हाच तोंडाशी आले होते. ते मी आज लिहिते आहे. माफ करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, नळ उघडा राहिला. तुम्ही अंघोळ करून, भांग पाडून बाहेर आलात. मग रोजच. पुढच्या आठवड्यात काळे सांगत आले, "वहिनी, श्रीकांतराव आज लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणाले. मी दचकलोच!" मग गोळ्यांचं रिकामं पाकीट न बोलता माझ्यापुढे ठेवू लागलात. एके दिवशी पायात चपला घालून गेलात आणि समोरून कोथिंबिरीची जुडी घेऊन आलात. जुडी सुकलेली होती, भाजीवाल्याने बनवलंन तुम्हाला, पण रस्ता तुम्ही ओलांडलात. माझा कागद समोर ठेवून तुम्ही एकेक कलम खोडत होतात, हे मला कळत होतं. वेडी नव्हते मी. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरत होती, कारण तारीख कधीही येईल आणि आता तर तीस टक्केही देणार नाहीत.

मग तो रविवार. मी उठायच्या आत तुम्ही गॅस पेटवून चहा केलात. साखर जास्त, पत्ती कमी, पण कप माझ्या हातात आणून दिलात आणि मी काय म्हणते ते बघत उभे राहिलात. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं. आणि मी काय म्हटलं? "भावजी, तपासणी होईपर्यंत तरी हे राहू द्या. एवढ्यात बरे होऊ नका."

वर्गातल्या सगळ्यांत ढ मुलीलाही मी कधी म्हटलं नव्हतं की उत्तर बरोबर देऊ नकोस.

तुम्ही भांडला नाहीत. सोंग करणार नाही, असंही म्हणाला नाहीत. "बरं," म्हणालात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत बनियनवर गॅलरीत बसून होतात. गोळ्या मी हातात दिल्या तेव्हा घेतल्यात. चपला कोपऱ्यात तशाच. जे तुम्ही तुमच्या मानासाठी करणार नव्हतात ते माझ्या भीतीसाठी केलंत. आणि मला बरं वाटलं, भावजी. चला, ऐकलं एकदाचं, असं मी स्वतःशी म्हटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुग्धालाही नाही.

अकरा दिवस तुम्ही माझं ऐकलंत. बाराव्या दिवशी दुपारी चारला चहा ठेवून हाक मारली, तर तुम्ही खुर्चीतच होतात, मान एका बाजूला. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, म्हणाले, हृदय. इतक्या वर्षांच्या औषधांनी हृदयावर ताण येतो म्हणे. तुमच्या डोक्याची इतकी काळजी वाहिली, तुम्हाला हृदय आहे हे आम्ही कोणी तपासलंच नव्हतं.

सोसायटीतल्या चौघांनी तुम्हाला अंघोळ घातली. मी आत होते. काळ्यांनी गीझर लावला तेव्हा मी दारातून सांगितलं, "पाणी फार कढत नको, त्यांना सोसत नाही." काळे बरं म्हणाले आणि त्यांनी खरंच बादलीत थोडं गार पाणी घातलं. मला आवाज आला.

मुग्धा दहा दिवस राहून गेली. तिने तुमच्या गोळ्या एका पिशवीत भरल्या, औषधवाल्याला परत करता येतात का विचारलं, मी म्हटलं, राहू दे. जाताना म्हणाली, चल माझ्याकडे. मी म्हटलं, बघू. आता मी सकाळी उठते, दोन कप काढते, एक परत ठेवते. काल दिवसभरात मी किती वाक्यं बोलले ते संध्याकाळी आठवून पाहिलं. तीन. त्यांतलं एक कुकरला होतं. संध्याकाळी गॅलरीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवते. रस्त्यावरच्या गाड्या, वरच्या मजल्यावरची पोरं, कोणाकोणाचा टीव्ही, सगळं ऐकू येतं. त्यात तुमची ती हळू आवाजातली बडबड तेवढी नसते. त्यात काय बोलायचात, मी कधी विचारलं नाही. औषध वाढवायचं का, एवढंच डॉक्टरांना विचारलं. तुम्ही असतात तर आज विचारलं असतं, भावजी, काय म्हणतायत ते लोक? माझ्याबद्दल काही?

परवा काळे पुन्हा आले. अडखळत म्हणाले, त्या पहिल्या कंपनीचं पत्र आलं, अर्ज मंजूर करायला तयार आहेत, दाखला नसला तरी. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मी म्हटलं, "चांगलं झालं, काळे. पुढच्या माणसाला सांगा, आहे म्हणून." हे मी मनापासून म्हटलं. ते गेल्यावर मात्र दार लावून रडले.

आज गुरुवार. साडेनऊला मी गेले. फोन करून कळवलं असतं तरी चाललं असतं, पण गेले. रांगेत माझ्यापुढे एक आई होती, मुलाचा शर्ट खाली ओढून सारखा करत होती, केसांवरून हात फिरवत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "राहू द्या हो केस. आणि विचारतील ते सगळं खरं सांगा. लाजू नका." तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मीही तसंच पाहिलं असतं.

खिडकीतला माणूस म्हणाला, "पेशंट कुठे आहेत?"

"गेले."

"मग तुम्ही कशाला आलात, आजी?"

"सांगायला."

त्याने मान वर करून पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "अर्ज मागे घेत असल्याचं लिहून द्या, म्हणजे फाईल बंद करता येईल. नातं काय?"

"वहिनी."

"सख्खं कोणी नाही?"

"मीच," म्हटलं.

त्याने फाईल पुढे सरकवली. वर माझाच अर्ज होता, माझं ते छान अक्षर, खाली तुमची न वाचता केलेली सही. मी बाकावर बसून आठही कलमं वाचली. पाच तर तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत खोटी पाडली होतीत. बँक आणि कपडे राहिले, ते मी खोडू दिले नाहीत. आणि आठवं, यांना घरात एकटं ठेवता येत नाही. भावजी, आमच्या शाळेतल्या बायकांबरोबर मी दोन दिवस महाबळेश्वरला गेले होते, तेव्हा राहिला होतात की तुम्ही एकटे. झाकून ठेवलेली खिचडी खाल्लीत, रात्री कडी लावलीत, मी आल्यावर विचारलंत, "थंडी होती का?" लिहिताना मला ते आठवत होतं. तरी लिहिलं. बाकीची सात कलमं तुमच्याबद्दल होती. ते एक मी माझ्यावरून लिहिलं होतं.